‘यादीतलं एकही पुस्तक ती वाचत नाही’

वर्ष संपत आलं की माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या बोलण्यात एक काळजी हमखास निघते. वर्षातल्या उत्तम बालपुस्तकांच्या याद्या प्रसिद्ध होतात, पालक हौसेनं पुस्तकं आणतात आणि मूल त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. मग आमच्या मुलाला वाचनाची आवडच नाही का, असा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर एका घराच्या अनुभवातून सांगते. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

मुलगी दहा वर्षांची. धाकटा भाऊ चारचा. आई-बाबा दोघंही वाचणारे. बाबा म्हणाले, “मॅडम, यादी बघून निवडून पुस्तकं आणली. हिनं एकही पुरं केलं नाही. आणि ते किड्यांचं चित्रांचं पुस्तक, सहा-सात वर्षांच्या मुलांसाठीचं, ते मात्र पाठ झालं तरी सोडत नाही.” आईच्या मनात वेगळी भीती होती. मुलगी मागे तर पडत नाहीये ना?

अशा वेळी मी आधी एकच गोष्ट बघते. मुलाला वाचायचं नाहीये, की वाचणं जड जातंय? मोठ्यानं वाचताना ओळ सुटते का, पहिलं अक्षर बघून पुढचा शब्द अंदाजानं म्हटला जातो का, वाचल्यावर डोकं दुखतं का, ऐकलेली गोष्ट नीट सांगता येते पण स्वतः वाचलेली सांगता येत नाही असं होतं का? यातलं काही सतत दिसत असेल तर आधी डोळे तपासून घ्यायचे आणि मग अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं-लिहिणं जड जातंय का याची, तपासणी करायची. वाचनाची गोडी लावण्याचे सगळे उपाय त्यानंतर. वाचताना अडखळणाऱ्या मुलाला ‘आळशी’ म्हटलं गेलं की त्याचं फार नुकसान होतं, आणि हे मी वारंवार बघते. या मुलीच्या बाबतीत मात्र तसं काही नव्हतं. ती सहज वाचत होती.

मग तिच्याशी एकटीशी बोलले. नवी पुस्तकं का नाही आवडली, असं मी विचारलंच नाही. किड्यांबद्दल विचारलं. कोळी हा कीटक नाही, त्याला आठ पाय असतात, कीटकाला सहाच, हे तिनं मला बजावून सांगितलं. मुंग्या वासाचा माग ठेवत जातात, तो मधेच पुसला तर त्या गोंधळतात, हेही सांगितलं. बोलता बोलता म्हणाली, “ताई, हे पुस्तक बाबा विचारत नाहीत.”

“म्हणजे?”

“नवीन पुस्तक संपलं की ते विचारतात, काय शिकलीस? मग मला परत सगळं आठवावं लागतं. आणि पूर्ण केलं नाही तर तक्त्यावर चांदणी मिळत नाही.”

सगळी गाठ इथे होती. बाबांनी प्रेमानंच केलं होतं हे. प्रत्येक पुस्तकामागे एक चांदणी, ठरावीक चांदण्या झाल्या की बक्षीस. पण मुलीच्या लेखी पुस्तक म्हणजे तोंडी परीक्षा झाली होती. किड्यांचं पुस्तक ‘लहान मुलांचं’ ठरल्यामुळे त्यातून सुटलं होतं.

बाबांना मी 1973 सालचा एक प्रयोग सांगितला. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रं काढायला मुळातच आवडणारी बालवाडीतली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. पुढे मोकळ्या वेळात बघितलं, तर बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांत रमली. अचानक प्रशस्तिपत्र मिळालेल्यांची आवड मात्र घटली नव्हती. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे चांदण्या काढून टाकू?” काढा म्हटलं, आणि ‘काय शिकलीस’ हेही बंद करा.

एकच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचण्याबद्दल आईला समजवावं लागलं. ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांना गोष्टींतून नवे शब्द ऐकवले होते. प्रत्येक शब्द दोन्ही गटांच्या कानांवर सारख्याच वेळा पडला, पण एका गटानं त्याच गोष्टी परत परत ऐकल्या, दुसऱ्यानं वेगवेगळ्या. शब्द जास्त लक्षात राहिले ते पहिल्या गटाच्या. दहा वर्षांच्या मुलीला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू होतो असं मी म्हणणार नाही. पण पुनर्वाचन म्हणजे मागे पडणं, ही समजूत सोडायला तो पुरेसा आहे. आपणही आवडती जागा पुन्हा उघडून वाचतोच की.

आता त्या यादीबद्दल. वर्षातल्या उत्तम पुस्तकांच्या याद्या बहुतेक वेळा मोठी माणसं करतात: संपादक, ग्रंथपाल, परीक्षक. ते विषय बघतात, भाषा बघतात, मांडणीतला नवेपणा बघतात. ते बघायलाच हवं, आणि नवं काय आलंय हे कळायला यादी खरंच उपयोगी पडते. पण ती फक्त त्या वर्षाची असते. दहा वर्षांच्या मुलाला चाळीस वर्षांपूर्वीचं पुस्तकही कोरं करकरीतच असतं. त्यानं ते अजून वाचलेलं नसतं, एवढंच.

म्हणून त्या घराला मी स्वतःची यादी करायला सांगितली. वर्षभरात प्रत्येकानं जे वाचलं किंवा ऐकलं, त्यातलं आवडतं पुस्तक निवडायचं, नवं असो वा जुनं. चार वर्षांच्या भावाचं मतही तितक्याच वजनाचं. अर्धवट सोडलेलं पुस्तक सांगायलाही परवानगी, आणि कुठे सोडलं तेही सांगायचं. एकच अट होती. ‘त्यातून चांगला बोध मिळतो’ हे कारण कोणी द्यायचं नाही, मोठ्यांनीही नाही.

शिवाय रात्री थोडा वेळ कोणीतरी मोठ्यानं वाचायचं. मुलगी स्वतः वाचू लागली म्हणून तिला वाचून दाखवणं बंद झालं होतं, बहुतेक घरांत होतं तसंच. पण या वयातही बऱ्याच मुलांना स्वतः वाचताना अवघड वाटणारं पुस्तक ऐकताना नीट कळतं. यादीतली जाड पुस्तकं त्या वाटेनं घरात शिरू शकतात.

काही महिन्यांनी ते परत आले. बाबांनी यादीतली एक कादंबरी वाचून दाखवायला घेतली होती. मुलीला ती पहिल्या काही प्रकरणांनंतर नको झाली. आई मात्र ऐकता ऐकता इतकी गुंतली की तिनं ती एकटीनं पूर्ण केली, आणि घरच्या यादीत तीच निवडली. मुलीनं पक्ष्यांच्या घरट्यांवरचं पुस्तक निवडलं होतं. कारण काय, तर शिंपी पक्षी पानं शिवून घरटं करतो हे तिला आधी खोटं वाटलं होतं. भावानं ताईचं किड्यांचं पुस्तक निवडलं, कारण तीच आता त्याला ते वाचून दाखवत होती. तिनं कादंबऱ्या अजून हातात घेतलेल्या नव्हत्या, आणि बाबांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं.

निघताना त्यांनी विचारलं, “मग पुढच्या वर्षीची यादी आणूच नको का?”

“आणा ना,” मी म्हटलं. “त्यातलं एखादं आधी तुम्ही वाचा. आवडलं तर तिच्यासमोर तसं सांगा आणि पुस्तक तिच्या हाताला येईल असं ठेवा. नाही आवडलं तर तेही सांगा.”