‘मॅगट’ म्हणजे अळी, मग ती धुनेच्या नावात कशी?

प्रश्न असा आहे: ‘मिस्टर बेव्हरिजेस मॅगट’ ही जुन्या इंग्लिश नृत्याची धून. शब्दकोशात ‘मॅगट’ म्हणजे सडक्या मांसात वळवळणारी अळी. इतक्या देखण्या धुनेला असं नाव का?

अळी तीच, पण इथे तिचा मुक्काम माणसाच्या डोक्यात आहे. कुणी काहीतरी विक्षिप्त बोललं की त्याच्या मेंदूत अळ्या झाल्यात, असं सतराव्या शतकातले इंग्रज म्हणत. त्यातून ‘मॅगट’ला लहर, खूळ, अचानक सुचलेली टूम हे अर्थ चिकटले. लहर आली की ‘मॅगट चावला’ असंही म्हणत. आपल्याकडे एखाद्याला नाटकाचा किडा चावतो, अगदी तसंच. म्हणून शीर्षकाचं मराठी करताना ‘बेव्हरिजची लहर’पेक्षा मला ‘बेव्हरिजचा किडा’ जास्त पटतं. ‘लहर’ अर्थ सांगते, पण मुळातला वळवळणारा जीव तिच्यात उरत नाही. त्या काळी या शब्दाची किळस येत नसावी. सॅम्युएल वेस्ली (मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांचे वडील) यांनी १६८५ मध्ये आपल्या विनोदी कवितांच्या संग्रहाला ‘मॅगट्स’ हेच नाव दिलं होतं. त्यात डुकराच्या गुरगुरण्यावरही कविता आहे!

ही धून ‘द डान्सिंग मास्टर’ या पुस्तकाच्या १६९५ च्या नवव्या आवृत्तीत छापलेली आहे. हे पुस्तक लंडनच्या जॉन प्लेफर्डने १६५१ मध्ये काढलं. त्यात धून आणि ती कशी नाचायची याच्या सूचना एकत्र असत. नववी आवृत्ती आली तोवर धंदा त्याचा मुलगा हेन्री पाहत होता. १९९५ च्या बीबीसीच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ मालिकेत एलिझाबेथ आणि डार्सी नाचतात ते याच धुनेवर. मालिका जेन ऑस्टिनच्या ज्या कादंबरीवर आहे ती १८१३ ची, म्हणजे तोवर धुनेनं शंभरी ओलांडली होती.

‘मॅगट’ हा संगीतप्रकार आहे असं मात्र समजू नये. बेव्हरिजची धून तीन ठोक्यांच्या जुन्या हॉर्नपाइप या नाचाच्या चालीची आहे, तर ‘जॅक्स मॅगट’ सम ठोक्यांची. समान आहे ते फक्त नाव: अमक्याला सुचलेली कल्पना. ‘माय लॉर्ड बायरन्स मॅगट’ अशीही एक धून आहे, पण त्यातला बायरन म्हणजे प्रसिद्ध इंग्लिश कवी लॉर्ड बायरन नव्हे. धून अठराव्या शतकाच्या अगदी आरंभीची, आणि कवी जन्मला १७८८ मध्ये.