पुण्याजवळच्या खेड्यांत काम करणाऱ्या सामाजिक संस्था वर्षभर नेमकं काय करतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठी ठेवलेल्या निधीतून, एका शनिवारी भोरकडच्या गावात गेलात, झाडं लावली, एकसारखे टी-शर्ट घालून फोटो काढले आणि परत आलात. आता शंका अशी, की या संस्था उरलेलं वर्षभर करतात काय, त्यांना पैसे द्यावेत का आणि आपण जाऊन काही उपयोग होतो का.

उरलेलं वर्षभर या संस्था बैठका घेतात. चेष्टा करत नाही. मी पुरंदर तालुक्यात अशाच एका छोट्या संस्थेत कार्यकर्ता आहे, आणि मला पगार मिळतो तो बराचसा सतरंजीवर बसण्याचाच. बंधारा एका उन्हाळ्यात उभा राहतो. त्यातलं पाणी कुणी किती उपसायचं, मोटर कुणाच्या रानात बसणार, विजेचं बिल कोण भरणार, हे ठरायला मात्र वर्षं जातात. शिवाय ठरलेलं कुणी मोडत नाही ना, हे बघत राहावं लागतं ते वेगळंच.

आमच्याकडे याचा दाखला म्हणून विलासराव साळुंखे यांचं नाव हटकून निघतं. पेशानं अभियंता, पुण्यातले उद्योजक. 1972च्या दुष्काळात इथली माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती; ते पाहून ते पुरंदरकडे वळले. 1974 साली नायगावात देवस्थानची 40 एकर माळजमीन भाडेपट्ट्यानं घेतली आणि बांधबंदिस्ती, पाझर तलाव, विहीर हे सगळं आधी स्वतः करून दाखवलं. लोक तिथवर खूश होते. खरी कसोटी पुढे लागली. त्यांच्या पाणी पंचायतीत, म्हणजे पाणी वाटून घेणाऱ्या गावकऱ्यांच्या गटात, पाणी माणसं मोजून मिळायचं: माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि कुटुंब कितीही मोठं असलं तरी अडीच एकरांपुरतंच. ज्याला जमीनच नाही त्यालाही पाण्यात वाटा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकायचा नाही. योजनेच्या खर्चातला 20 टक्के वाटा सभासदांनी स्वतः भरायचा. आता सांगा, पाइपलाइन कुणीही कंत्राटदार टाकून देईल. पण वीस एकरवाल्याला भरल्या विहिरीपाशी अडीच एकरांवर थांबवायचं, तेही गावातल्या सगळ्यांसमोर, हे कुणाच्या बापाला सहज जमणार आहे?

पाणलोटाचं काम, म्हणजे पावसाचं पाणी डोंगरापासूनच अडवून जिरवायचं काम करताना हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनं येते. पाणलोटात माथ्यापासून पायथ्याकडे यायचं असतं. आधी डोंगरावर सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीतले लांब खड्डे) खणायचे, मग घळींत दगडी बांध घालायचे, आणि ओढ्यावरचा मोठा बंधारा सगळ्यात शेवटी. वरचं न करता थेट खाली बंधारा बांधला, तर दोनचार पावसाळ्यांत तो गाळानं भरतो. पण देणगीदाराला बंधारा हवा असतो, कारण त्यावर संगमरवरी पाटी बसते. चरांवर पाटी कुठे लावणार? (एका पाहुण्यांनी डोंगरावर कमान उभारायचं सुचवलं होतं. आम्ही चहा मागवला.)

बरं, चर खणले, गवत लावलं, रोपं लावली. आता ती जगायची तर त्या डोंगरावर चराईबंदी करावी लागते. मग शेळ्या कुणाच्या बंद होतात? ज्याला शेत नाही त्याच्या. आणि दोन वर्षांनी विहिरीला पाणी कुणाच्या वाढतं? पायथ्याला बागायत आहे त्याच्या. म्हणजे डोंगराचा त्याग एकानं करायचा आणि अंजिराची बाग दुसऱ्यानं भिजवायची. माझ्या मते चांगली संस्था आणि नुसती कामं उरकणारी संस्था यांतला फरक इथे कळतो. चांगली संस्था चराईबंदीच्या ठरावाआधीच विचारते, की शेळीवाल्यांच्या चाऱ्याचं काय? कापून न्यायच्या गवतावर पहिला हक्क त्यांचा, मजुरीची कामं आधी त्यांना, असं काहीतरी ग्रामसभेत लिहून घेते. ते लिहून घेताना होणारी वादावादी तुम्हाला कुठल्याच वार्षिक अहवालात सापडणार नाही.

दुसरं मोठं काम बचत गटांचं. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला शाळेच्या व्हरांड्यात बारा-पंधरा बाया बसतात. पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे. हजेरी, बचत, मग परतफेड. एकीचे तीन हप्ते थकलेत आणि सचिव तिचीच जाऊबाई. जाऊबाई वहीत खाली मान घालून नाव वाचते, थकलेली बाई पदराशी चाळा करत "मुलाची फी भरली ओ" म्हणते, आणि मागून एक म्हातारी खडसावते, "माझ्या नातवाची काय सरकारनं भरली का?" मग अर्धा तास नुसता कल्लोळ. शेवटी ठरतं की या महिन्यात निम्मा हप्ता आणि दंड माफ, पण पुढच्या वेळी नाही. यात आमचं काम काय? बेरीज तपासायची आणि गप्प बसायचं. नवा कार्यकर्ता इथे हमखास मध्ये पडतो. एकदा का संस्थेच्या माणसानं निवाडा केला, की पुढचा प्रत्येक तंटा त्याच्याच दारात येतो आणि गट पांगळा होतो.

या सगळ्याला वेळ लागतो आणि वेळेचे पैसे कुणी देत नाही. उरुळी कांचनला गांधीजी 1946 साली निसर्गोपचाराच्या कामासाठी आले, आणि त्यांचे सहकारी मणिभाई देसाई तिथेच राहिले. मणिभाईंची बाएफ ही ग्रामविकासाची संस्था सुरू झाली 1967 साली. मधली वीसेक वर्षं माणूस गावातच होता. उलट सीएसआरचा पैसा कंपनी कायदा 2013च्या हिशेबानं येतो: मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के, आणि खर्चाची घाई 31 मार्चची. म्हणून मार्चमध्ये गावोगाव एकदम जेसीबी दिसतात. पैसा वाईट नाही, त्यातून चांगली कामंही झालीत. पण पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवून मिळतं आणि त्याचा फिल्टर बदलायचा खर्च कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतो, असं यंत्र तुम्हाला बऱ्याच गावांत कुलूपबंद दिसेल.

पैसे द्यावेत का? द्या, पण आधी चौकशी करा. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, लेखापरीक्षण, 80जी (देणगीवरच्या करसवलतीचं प्रमाणपत्र) हे तर बघाच. ते कागद कुणीही व्यवस्थित ठेवतं. त्यापुढे विचारा, की पाच वर्षांपूर्वी तुम्ही बांधलेलं काय आहे, ते आज कोण चालवतं, आणि मी तुमच्याशिवाय तिथे जाऊन बघू का? उत्तर देताना चुळबुळ झाली तर समजून जा. लोकवाटा, म्हणजे गावकऱ्यांनी स्वतः भरलेला हिस्सा, किती घेतला हेही विचारा. गरिबाकडून कसले पैसे घेता, असं पुण्यातल्या मंडळींना वाटतं. पण ज्यानं पाचशे रुपये भरलेत किंवा चार दिवस श्रमदान केलंय, तोच पाइप फुटल्यावर रात्री बॅटरी घेऊन बाहेर पडतो. आणि जमलं तर देणगी कार्यकर्त्याच्या पगारासाठी द्या. त्यावर पाटी बसत नाही, म्हणून तिथेच कायम खडखडाट असतो.

तुम्ही स्वतः येऊन काय करायचं? झाडं लावायला कृपया येऊ नका. जूनमध्ये लावणारे शंभर हात असतात, एप्रिलमध्ये पाणी घालणारे दोन. एका रविवारपुरतं मुलांना इंग्रजी शिकवायलाही नको. त्यापेक्षा विहिरी मोजायला या. सरकारची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेते: जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. तेवढ्याच वेळा एका गावातल्या वीस-पंचवीस विहिरी तुम्ही टेप सोडून मोजल्या, एक्सेलमध्ये भरल्या आणि ऑक्टोबरनंतरच्या ग्रामसभेत भिंतीवर तक्ता लावला, की रब्बीला गहू किती, हरभरा किती आणि कांदा लावायचा की नाही, यावर लोक आकडे बघून भांडतात. आत्ता ते अंदाजानं भांडतात. एक्सेल तुम्हाला माझ्यापेक्षा बरं येत असणारच. टेप आमच्याकडे आहे. फक्त पुण्याहून येताना लागणारा दिवे घाट सकाळी आठच्या आत चढा, आणि पहिल्या दोन वेळा विहिरीच्या मालकानं "कशाला मोजताय?" म्हणून हटकलं तर रागावू नका, त्याला मोटरवर कर बसेल अशी भीती असते.