अंघोळ केल्यावर एका कानाला दडा बसला. मळ असेल का? घरी काय करता येईल?

बहुधा मळच. आधीच साचलेला मळ पाण्याने फुगला की असा अचानक दडा बसतो. आधी इअरबड, हेअरपिन, किल्ली सगळं बंद. मळ कानाच्या नळीच्या बाहेरच्या भागात तयार होतो आणि बोलताना-चावताना जबडा हलतो तसा आपोआप बाहेर सरकतो. बड त्याला उलटा आत ठासतो.

पडद्याला भोक नसेल, कान वाहत नसेल आणि कानाचं ऑपरेशन झालेलं नसेल, तर मेडिकलमधून मळ मऊ करणारे थेंब आणा. कुशीवर झोपून घाला, पाचेक मिनिटं तसेच पडून राहा. असं ३ ते ५ दिवस. सुरुवातीला दडा वाढल्यासारखा वाटेल, घाबरू नका. नाहीच सुटला तर कान-नाक-घसा डॉक्टर सक्शनने काढतात.

लसणाचं कढत तेल मात्र नको, आजी कितीही म्हणाली तरी. पावसाळ्यात कानाला सुटणारी खाज बऱ्याचदा बुरशीची असते, तिला ओलसर कान फार मानवतो. रस्त्यावरचे कानसाफवाले तर नकोच नको.

पू, रक्त, चक्कर किंवा जोराचा ठणका असेल तर थेंबही घालू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मधुमेह्यांनी तर साधा ठणकाही अंगावर काढू नये.