60 शिलिंगची एल: धुरकट आणि पाणचट का होते, आणि कशी करावी

ग्लासगोतल्या घरी तुम्ही 20 लिटर 60 शिलिंग एल (स्कॉटलंडची हलकी, गडद बिअर) केलीत. पीटच्या (दलदलीतल्या मातीच्या जळणाच्या) धुराचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) घातलंत, पहिलं वर्ट (माल्टमधून काढलेलं गोड पाणी) आटवून काळपट केलंत आणि नॉटिंगहॅम यीस्ट वापरलंत. बिअर धुरकट झाली आणि वर पाणचटही. ही कृती आजकाल सगळीकडे फिरते, पण 1950 च्या आसपास एडिनबरोत विकल्या जाणाऱ्या 60 शिलिंगशी तिचा फारसा संबंध नाही.

पीट व्हिस्कीसाठी. त्या काळच्या ब्रुअऱ्या साधं, बिनधुराचं पेल माल्ट वापरत. सोबत थोडे मक्याचे फ्लेक्स आणि इन्व्हर्ट साखर (आम्लासोबत तापवून फोडलेली साखर). गडद रंग यायचा तो कॅरमेलमुळे, वर्ट आटवून नव्हे. शिवाय 60 शिलिंगसाठी वेगळं मॅश (गरम पाण्यात भिजवलेलं धान्य) लावलंच पाहिजे असं नव्हतं. एकाच मॅशमधून दाट आणि पातळ वर्ट काढून, ती वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून 60, 70, 80 शिलिंग अशा बिअर तयार करत. पहिल्या महायुद्धातल्या निर्बंधांनी आणि नंतरच्या करांनी सगळ्याच बिअरचं गुरुत्व (पाणी 1.000 धरून वर्टची घनता) खाली आणलं. 60 शिलिंग त्यातली सगळ्यात हलकी, 1.030 च्या आसपासची.

20 लिटरसाठी: पेल माल्ट 2 किलो (मारिस ऑटर जातीच्या जवाचं उत्तम), मक्याचे फ्लेक्स 250 ग्रॅम, गडद इन्व्हर्ट साखर 300 ग्रॅम. साखर घरी करता येते. कच्ची उसाची साखर पाण्यात विरघळवा, 450 ग्रॅमला 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल घाला, आणि पाक 115 ते 118 अंशांवर दोन ते अडीच तास धरा. पाणी आटून तापमान चढू लागलं की चमचाभर गरम पाणी. 125 च्या वर गेलं तर कडवट जळकेपणा येतो. गूळ मात्र नको. त्याची चव या हलक्या बिअरमध्ये सगळ्यांवर मात करते.

ग्लासगोला येणारं लॉक कॅट्रिन तलावाचं पाणी फार मऊ आहे. एकूण 27 लिटरला जिप्सम 4 ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड 4 ग्रॅम आणि क्लोरिन घालवण्यासाठी अर्धी कॅम्पडेन (सल्फाइटची) गोळी. मॅशला 7 लिटर पाणी 75 अंशांचं घ्या, म्हणजे धान्य मिसळल्यावर 68–69 अंश मिळेल. तासभर ठेवा. तुम्ही 65 वर केलंत, तिथे जवळपास सगळं आंबण्याजोगं झालं आणि नॉटिंगहॅमने ते संपवलं. पाणचटपणाचं मुख्य कारण हेच.

आता खरी अडचण स्पार्जिंगची, म्हणजे धान्यावर गरम पाणी ओतून उरलेली साखर धुऊन काढण्याची. धान्य जेमतेम सव्वादोन किलो आणि वर्ट हवं 25 लिटर. सगळं पाणी धान्यातून काढलं, तर शेवटचं वर्ट 1.010 च्या खाली जातं, पीएच 6 कडे चढतो आणि टरफलांतलं टॅनिन उतरतं. दाट बिअरमध्ये हा तुरटपणा झाकला जातो, इथे जिभेच्या कडांना थेट लागतो. म्हणून वाहतं वर्ट अधूनमधून मोजा, 1.010 ला थांबा आणि उरलेलं पाणी सरळ कढईत ओता. गुरुत्व एक-दोन अंकांनी घसरलं तरी चालेल.

उकळ 60 ते 90 मिनिटं, जोरदार पण आटवणारी नको. साखर शेवटच्या 15 मिनिटांत, गॅस बंद करून ढवळा, नाहीतर तळाला लागते. हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) म्हणून फगल किंवा गोल्डिंग: शेवटच्या 60 मिनिटांसाठी 22 ग्रॅम, शेवटच्या 20 साठी 10 ग्रॅम (कडवट आल्फा आम्ल 5 टक्के धरून). स्कॉटलंडमध्ये हॉप्स पिकत नसत म्हणून घालत नसत, हा समज सोडा. याच एडिनबरोतून हिंदुस्थानात भरपूर हॉप्सची पेल एल जात होती.

यीस्ट विंडसर घ्या. ते माल्टोट्रायोज ही साखर खात नाही, त्यामुळे अंगात थोडा भरीवपणा राहतो. 17–18 अंशांवर तीन-चार दिवसांत मुख्य आंबवण संपते, तरी आठवडाभर हलवू नका. 1.010 च्या जवळ थांबली की मद्यार्क अडीच टक्क्यांच्या थोडा वर. रंग आत्ता ठरवा: ब्रुअर्स कॅरमेल थेंबाथेंबाने, ग्लासात तांबूस-तपकिरी दिसेपर्यंत. ते मिळालं नाही, तर पुढच्या वेळी 50 ग्रॅम ब्लॅक माल्ट दळून स्पार्जच्या आधी मॅशवर पसरा.

बाटल्यांत भरताना 20 लिटरला 55 ग्रॅम साखर पुरे. जास्त फेस या बिअरला पातळ करून टाकतो. 12 अंशांवर, दोन आठवड्यांनी प्यायला सुरुवात करा आणि पाच-सहा आठवड्यांत संपवा; मद्यार्क कमी, हॉप्स कमी, त्यामुळे ती टिकत नाही.