वाचकांचे प्रश्न: चित्र झकास आहे, पण मला कव्हर हवंय

प्रश्न: सात-आठ वर्षं पुस्तकांची कव्हरं करतोय. परवा एक अगदी मनापासून केलं, पावसाचं चित्र, आणि पुस्तकाचं नाव त्या पावसाच्या रेघांमध्येच गुंफलं. प्रकाशक म्हणाले, "चित्र झकास आहे, फ्रेम करून घरी लाव, पण मला कव्हर हवंय." हे कौतुक समजू की अपमान? आणि कला कुठे संपते आणि डिझाईन कुठे सुरू होतं हे ठरवतं तरी कोण?

उत्तर: दोन्ही समजा, पण कव्हर बदलून द्या. तुमचं काम मी पाहिलेलं नाही, तरी एक विचारतो, ते नखाएवढं करून मोबाईलच्या स्क्रीनवर बघितलंत का? आजकाल बहुतेक पुस्तकं पहिल्यांदा तिथेच दिसतात, आणि तिथे नाव वाचता आलं नाही तर पाऊस कितीही छान पडत असू दे, उपयोग नाही.

आता मोठा प्रश्न. माझ्यापुरता मी एक साधा निकष ठेवलाय: "हे बदल" असं म्हणायचा हक्क कुणाला आहे? तुमच्या प्रकाशकाला आहे, कारण गरज त्याची आहे आणि "वाचता येत नाही" ही तक्रार खरी-खोटी करून बघता येते. तुम्ही स्वतःसाठी पाऊस रंगवलात तर मी फार तर नाक मुरडीन, पण करेक्शन पाठवू शकणार नाही. लगेच कुणीतरी म्हणेल की मायकेलअँजेलोनं 1508 ते 1512 मध्ये रंगवलेलं सिस्टाईन चॅपलचं छत हेसुद्धा पोपच्या ऑर्डरचंच काम होतं, मग ते काय डिझाईन? खरंय, निकषाला भोक आहे. पण गंमत अशी की तो पोप कधीच गेला, आता करेक्शन मागणारं कुणी उरलेलं नाही, आणि हा हक्क संपला की वस्तू हळूच कलेच्या बाजूला सरकते.

फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेकचं 1891 चं मुलाँ रूजचं पोस्टर घ्या. पॅरिसच्या नाचघराची निव्वळ जाहिरात होती ती, भिंतीवर चिकटवायची, पावसात भिजायची. आज ते म्युझियममध्ये आहे. पण नीट बघा त्यात काय केलंय ते! डावीकडे एकच भलामोठा एम आणि त्याला जोडून नाचघराचं नाव एकाखाली एक तीनदा. मागची गर्दी नुसती काळी सपाट सावली, पुढे एक करड्या रंगाचा माणूस, मधे पाय उडवणारी नर्तकी, आणि रोज रात्री नाच असतो हेही लिहिलंय. म्हणजे कुठे यायचं, कधी यायचं, काय बघायला मिळेल, सगळं रस्त्यापलीकडून कळतं. चित्रकारानं त्यात स्वतःचा हट्ट पुरवून घेतला, पण क्लायंटचं काम आधी केलं. तुमच्या पावसात ही अक्कल घुसवता आली तर प्रकाशक आणि तुम्ही दोघंही खूश.

प्रश्न: आमच्याकडे वाद झाला. मी म्हणते वस्तूचा काही उपयोग नसला की ती कला, उपयोग असला की डिझाईन. एवढं सोपं आहे ना?

उत्तर: एवढं सोपं असतं तर कोर्टात जायची वेळ आली नसती. 1926 मध्ये शिल्पकार ब्रांकुशीचं "बर्ड इन स्पेस" हे ब्राँझचं शिल्प न्यूयॉर्कला पोचलं. पंख नाहीत, चोच नाही, नुसता उभा, निमुळता, आरशासारखा चकचकीत आकार. कलाकृतींवर ड्यूटी नव्हती, पण कस्टमवाल्यांना ह्यात पक्षी दिसेना, त्यांनी ते स्वयंपाकाची भांडी आणि हॉस्पिटलचं सामान ह्या वर्गात टाकून 40 टक्के ड्यूटी लावली. (हसू नका, तुम्ही-आम्ही त्या काउंटरवर असतो तर काय केलं असतं कुणास ठाऊक.) केस चालली आणि 1928 मध्ये ब्रांकुशी जिंकला. बघायला सुंदर आहे, शिल्पकारानं घडवलंय, दुसरा काही उपयोग नाही, तेव्हा कलाच, असा साधारण निकालाचा सूर होता. म्हणजे कोर्ट तुमच्या बाजूचं.

पण माझी अडचण पुढे आहे. 1964 मध्ये अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलनं न्यूयॉर्कच्या गॅलरीत ब्रिलोचे खोके मांडले. ब्रिलो म्हणजे भांडी घासायचे साबणाचे पॅड. दुकानातला खोका पुठ्ठ्याचा, वॉरहॉलचा प्लायवूडचा, वर छपाई तीच: दोन लाल पट्टे, मधून पांढरी लाट, नावातली व्यंजनं निळी आणि स्वर लाल. दुकानातला खोका डिझाईन, गॅलरीतला कला, इथपर्यंत तुमचा नियम टिकतो, कारण गॅलरीतल्यात काही भरायचं नव्हतं. आता हे ऐका, मूळ पुठ्ठ्याचा खोका ज्यानं डिझाईन केला तो जेम्स हार्वी स्वतः अॅब्स्ट्रॅक्ट चित्रं काढणारा चित्रकार होता, पोटासाठी पॅकेजिंग करायचा. तो लाल-निळा मेळ, ती लाट, जे डोळ्याला धरून ठेवतं ते सगळं त्याचं, आणि कलेच्या इतिहासात नाव दुसऱ्याचं. मला विचाराल तर वॉरहॉलची आयडिया भारी होती, पण खोका हार्वीचा छान होता. तुमच्या नियमात हे बसवून दाखवा, मी वाद सोडतो.

प्रश्न: लग्नाच्या वाढदिवसाला एक फेमस डिझायनर लिंबू पिळणी गिफ्ट आलीय, तीन लांब पायांची, कोळ्यासारखी दिसते. रस कमी आणि बिया जास्त पडतात. वापरू की शोकेसमध्ये ठेवू?

उत्तर: वर्णनावरून ही डिझायनर फिलिप स्टार्कनं अलेस्सी ह्या इटालियन कंपनीसाठी केलेली, 1990 पासून विकली जाणारी अॅल्युमिनियमची पिळणी दिसते. तिला गाळणीच नाहीये हो, बिया पडणारच, ग्लासच्या तोंडावर चहाची गाळणी धरा. तुम्ही पैसे मोजले नसले तरी तक्रार करायचा हक्क तुम्हाला पूर्ण आहे, तेव्हा माझ्या हिशेबानं ती अजून डिझाईनच आहे, आणि ह्या कामापुरतं फसलेलं. फक्त तुमची सोनेरी नाही ना, ते बघून घ्या. दहा वर्षांनी कंपनीनं सोन्याचा मुलामा दिलेली आवृत्ती काढली आणि सोबत सांगितलं की हिच्यावर लिंबू पिळू नका, आम्लानं मुलामा खराब होतो. ती असेल तर मग तक्रार कुणाकडे करणार, ठेवा शोकेसमध्ये.