वाचक विचारतात : आईला निवासी केंद्रात ठेवावे का?

प्रश्न : आम्ही बेळगावच्या वडगावात राहतो. आमचे घराणे विणकरांचे. आईचे वय ७४ असून चार वर्षांपूर्वी तिला स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले. आजवर आम्ही कसेबसे निभावले. पण गेल्या तीन आठवड्यांत तिची अवस्था एकदम बिघडली आहे. रात्रभर ती जागी असते. दिवेलागणीला ‘मला घरी जायचंय’ म्हणून निघते. परवा ती थेट खानापूरच्या बसमध्ये जाऊन बसली, कारण तिचे माहेर नंदगडचे. शक्ती योजनेमुळे बायकांना तिकिटाचे पैसे द्यावे लागत नाहीत आणि आधारकार्ड तर तिच्या कमरेच्या पिशवीत कायमच असते. त्याच कार्डावरचा पत्ता वाचून कंडक्टरने तिला परत पाठवण्याची सोय केली. माझी पत्नी शाळेत शिक्षिका आहे आणि तिची रजा संपली आहे. धाकटा भाऊ म्हणतो की बंगळूरमध्ये अशा रुग्णांसाठी चांगले निवासी केंद्र आहे, खर्च तो करील. नातेवाईक मात्र ‘आईला टाकलं’ असे म्हणतील, याची भीती वाटते. आम्ही काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रातील ‘तीन आठवड्यांत एकदम’ या शब्दांपाशी मी थांबले, आणि केंद्राचा विचार करण्याआधी तुम्हीही तेथे थांबावे, असे मला वाटते. स्मृतिभ्रंश सहसा महिन्यांच्या आणि वर्षांच्या गतीने पुढे सरकतो. काही दिवसांत किंवा आठवड्यांत माणूस एकदम बदलला, तर मूळ आजारावर दुसरे काहीतरी येऊन बसले आहे, असे समजून तपासणी करावी लागते. वयस्कर स्त्रियांमध्ये लघवीचा जंतुसंसर्ग हे एक नेहमीचे कारण आहे, आणि त्यात ताप येईलच असे नाही. अनेक दिवसांचा मलावरोध, रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे रक्तातील सोडियम उतरणे, सर्दीसाठी किंवा झोपेसाठी नव्याने सुरू केलेली गोळी, न्हाणीत पडून डोक्याच्या आत हळूहळू साचलेले रक्त, यांपैकी कशानेही असा गोंधळ माजू शकतो. चार वर्षांपूर्वी निदान झाले तेव्हा ब-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड यांच्या तपासण्या झाल्या होत्या का, तेही जुन्या कागदांत पाहा. कारण सापडले आणि त्यावर उपचार झाले, तर आई पूर्वीच्या पायरीवर बऱ्याच अंशी परत येण्याची शक्यता असते, आणि मग ज्या अवस्थेवरून तुम्ही आज निर्णय घेऊ पाहता, ती अवस्थाच राहत नाही. म्हणून आधी दवाखाना, आणि मग केंद्र.

तपासणीनंतरही रात्रीचे जागरण आणि घराबाहेर पडणे चालूच राहिले, तर निवासी केंद्राचा विचार करण्यात मला काहीही गैर वाटत नाही. आई किती विसरते, यावर हा निर्णय अवलंबून नसतो. तिला सांभाळणारे माणूस झोपते का, आणि ती घरात सुरक्षित आहे का, या दोन गोष्टींवर तो अवलंबून असतो. नातेवाईक काय म्हणतील हे तुम्ही सविस्तर लिहिले आहे, परंतु तुमच्या पत्नीचे म्हणणे काय, हे पत्रात कुठेच आलेले नाही. दिवसाची शाळा आणि रात्रीचे जागरण तीच करीत असेल, तर पहिले मत तिचे घ्या. कायमचा निर्णय एकदम घेववत नसेल, तर दोन-चार आठवड्यांच्या तात्पुरत्या मुक्कामाची सोय काही केंद्रांत असते. तेवढ्या काळात घरच्यांची झोप भरून निघते आणि केंद्र कसे आहे तेही कळते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. वृद्धाश्रम आणि स्मृतिभ्रंशाचे निवासी केंद्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक वृद्धाश्रम, ज्यांना स्वतःचे स्वतः करता येते, अशांनाच घेतात. तेथे आजार लपवून आईला ठेवले, तर महिनाभरात परत आणण्याची वेळ येते आणि त्यात सर्वाधिक हाल तिचेच होतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढील ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. त्या मानाने खास या आजारासाठीची केंद्रे मोजकी आहेत आणि ती बहुतेक मोठ्या शहरांत आहेत, त्यामुळे तुमच्या भावाने बंगळूर सुचवले हे स्वाभाविकच आहे.

तरीही बंगळूरबद्दल माझे मत प्रतिकूल आहे, आणि त्याचे कारण केंद्राचा दर्जा हे नाही. वडगावहून ते पाचशे किलोमीटर दूर आहे. तुम्ही दर आठवड्याला जाणार नाही, आणि ज्या रुग्णाकडे घरचे माणूस अवेळी डोकावत नाही, त्याच्या काळजीत हळूहळू ढिलाई येते, हे मी चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या ठिकाणीही पाहिले आहे. दुसरे कारण भाषेचे. आईने जन्मभर बाजारात कन्नड बोलले असेल, परंतु मागाहून शिकलेली भाषा या आजारात बहुधा आधी निसटते आणि लहानपणाची भाषा मागे उरते. (२०१३ मध्ये हैदराबादच्या ६४८ रुग्णांच्या अभ्यासात दोन भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसू लागल्याचे आढळले होते. आपल्या सीमाभागाला ही दिलासा देणारी गोष्ट आहे. पण आजार एकदा आला की हा दिलासा फारसा उपयोगी पडत नाही.)

बरे, नुसती मराठी असूनही भागत नाही. सीमाभागातील एक आजी मोठ्या शहरातील एका केंद्रात होत्या. मी त्यांना भेटायला गेले, त्या दिवशी सकाळपासून त्या ‘परसाकडं जायचंय’ असे सांगत होत्या. कामावरची तरुण मुलगी मराठीच बोलणारी होती, मनाने प्रेमळही होती. तिने आजींचा हात धरून त्यांना मागच्या बागेत नेले आणि तुळशीजवळच्या बाकावर बसवले. आजी उठत, ती पुन्हा बसवी. शेवटी लुगडे ओले झाले, आजींनी ते बदलू दिले नाही, आणि त्या दिवसाच्या नोंदवहीत ‘सहकार्य करीत नाही, आक्रमक’ असा शेरा पडला. परसाकडे जाणे म्हणजे शौचाला जाणे, हे त्या मुलीला कोणी सांगितलेलेच नव्हते. म्हणून बेळगाव, कोल्हापूर किंवा मिरज या टापूत, जेथे ‘काय करालास?’ असे विचारले तर कोणी हसणार नाही, अशा ठिकाणी थोडे साधे केंद्र मिळाले, तरी मी तेच निवडीन.

केंद्र पाहायला सकाळी अकरा वाजता जाऊ नका. तेव्हा सगळीकडे फरशी पुसलेली असते. सायंकाळी पाच ते सात या वेळात जा, कारण याच वेळी या रुग्णांचा अस्वस्थपणा वाढतो. कोणी ‘घरी जायचंय’ म्हणून दाराशी गेले, तर तेथील माणसे काय करतात, ते शांतपणे पाहा. ‘हेच तुमचं घर’ म्हणून हाताला धरून ओढतात, की ‘चला, जाऊ या’ म्हणत चार पावले बरोबर चालतात आणि बोलता बोलता दुसरीकडे वळवतात? आईच्या ‘घरी’ या शब्दाचा अर्थ वडगावचे घर असा नाही, हे तुम्हाला बसच्या प्रसंगावरून कळलेच आहे. तिला ओळखीचे वाटेल असे ठिकाण ती शोधत असते. रात्री किती रुग्णांमागे किती माणसे जागी असतात, आणि ती माणसे किती महिने टिकतात, हेही विचारा. संडासाचे दार चटकन ओळखू येते का, तेथे रात्री दिवा असतो का, याकडे लक्ष द्या. चकचकीत फरशी या रुग्णांना पाण्यासारखी वाटू शकते आणि काळे पायपुसणे खड्ड्यासारखे, त्यामुळे ते पाऊल टाकायला घाबरतात. बाग, मोठा टीव्ही आणि स्वागतकक्षातील गणपती यांना मी फारसे गुण देत नाही.

औषधांबद्दल मात्र स्पष्ट विचारा. आक्रमकपणा आवरण्यासाठी रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल यांसारखी औषधे दिली जातात आणि कधीकधी ती खरोखरच लागतात. पण स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये या गटातील औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने रिस्पेरिडोनसारख्या नव्या औषधांबाबत २००५ मध्ये आणि हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांबाबत २००८ मध्ये दिला आहे. असे औषध सुरू करण्यापूर्वी घरच्यांना कळवले जाते का, ते कोणता डॉक्टर लिहून देतो आणि ते बंद करण्याचा विचार केव्हा होतो, याची उत्तरे लेखी मिळाली पाहिजेत. रुग्णाला बांधून ठेवतात का, हेही संकोच न करता विचारावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार साखळीने बांधण्यास पूर्ण बंदी आहे, आणि इतर प्रकारे जखडण्यालाही कडक अटी आहेत.

पैशांचे व्यवहार थोडक्यात सांगते. आरोग्यविम्यातून रुग्णालयातील उपचारांचा खर्च मिळतो, अशा दीर्घ मुक्कामाचा सहसा मिळत नाही. त्यामुळे भावाचा शब्द दरमहा किती आणि किती वर्षे, हे कागदावर आणा. आईचे मुखत्यारपत्र करून घेऊन निश्चिंत होऊ नका, कारण करार कायद्यानुसार देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही, तर मुखत्यारीही संपते. आणि ‘टाकलं’ म्हणणाऱ्या नातेवाइकांसाठी एवढेच, की २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने गुन्हा ठरवला आहे तो वृद्धाला वाऱ्यावर सोडून देण्याला. खर्च उचलून आणि नियमित भेटून केंद्रात ठेवण्याला नव्हे. तातडीचा सल्ला हवा असेल, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे सरकारी दूरध्वनी क्रमांक आहेत.

जाताना आईबरोबर एका पानाचा कागद द्या. तिला घरात कोणत्या नावाने हाक मारतात, चहा किती गोड लागतो, ती नऊवारी नेसते की सहावारी (तिला एका दिवसात गाऊनमध्ये आणू नका), कोणत्या अभंगाला ती टाळी धरते, आणि ‘परसाकडं’सारखे तिचे शब्द, हे सारे त्यावर असावे. विणकराच्या घरातील बाईने आयुष्यभर कांड्या, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळायच्या नळ्या, भरलेल्या असतात. रिकाम्या कांड्या आणि सुताचे दोन गुंडे बरोबर पाठवा आणि सायंकाळी पाच वाजता ते तिच्या हातात द्यायला सांगा. सूत गुंतले तरी चालेल, सोडवण्यातही वेळ जातो.

प्रश्न : माझे सासरे निपाणीजवळच्या गावात मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक होते. दोन महिन्यांपूर्वी त्यांना एका निवासी केंद्रात ठेवले. तेथील लोक प्रेमाने ‘अज्जा’, म्हणजे कन्नडमध्ये आजोबा, म्हणतात, पण मामंजी चिडतात आणि एकदा त्यांनी ताटही फेकले. आम्ही गेलो की ते रडतात, म्हणून ‘महिनाभर येऊ नका, सवय होऊ द्या’ असे केंद्राने सांगितले आहे. ते ‘माझी आई कुठं आहे?’ असेही विचारतात. ती जाऊन चाळीस वर्षे झाली. खरे सांगावे का?

उत्तर : महिनाभर न जाण्याचा सल्ला मला मान्य नाही. पहिले दोन-तीन दिवस अंतर ठेवायला कोणी सांगितले, तर समजू शकते. महिनाभरात तुमचे चेहरेच त्यांना परके होतील. जाण्याची वेळ मात्र बदला. जेवणाच्या थोडे आधी जा आणि ताट समोर आले की उठा, म्हणजे निरोपाचा वेगळा सोहळा होत नाही. निघताना ‘येतो आम्ही’ असे दारात उभे राहून तीनदा म्हणण्याची आपल्याकडची रीत येथे नडते.

आई वारली, असे त्यांना सांगू नका. ती बातमी ते दरवेळी पहिल्यांदाच ऐकतील आणि दरवेळी पहिल्यांदाच रडतील. ‘आई बाजारात गेली आहे’ असे खोटे सांगण्याचीही गरज नाही. ‘आईची आठवण येते का? त्या भाकरीबरोबर काय करायच्या?’ असे विचारा. प्रश्नाचे उत्तर त्यांना हवे असते असे नाही, त्या विषयावर कोणीतरी बोलावे असे हवे असते.

‘अज्जा’ या शब्दात वाईट काहीच नाही, आपल्या भागात तो मायेचाच आहे. परंतु ज्या माणसाला सगळे गाव चाळीस वर्षे ‘गुरुजी’ म्हणत आले, त्याला अनोळखी घरात कोणी ‘अज्जा’ म्हटले, की ती हाक दुसऱ्याच कोणाला मारली आहे, असे वाटते. केंद्रातील प्रत्येकाने, भांडी घासणाऱ्या बाईंनीही, त्यांना ‘गुरुजी’ म्हणावे, एवढे आजच सांगा. पुढच्या भेटीत आडव्या रेघांचा लांबट हजेरीपट घेऊन जा आणि त्यात केंद्रातील सर्वांची नावे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. न्याहारीनंतर तो त्यांच्यापुढे ठेवला, तर ते हजेरी घेतील. तुमचेही नाव त्यात असू द्या, आणि नाव पुकारले की ‘हजर गुरुजी’ म्हणा.