बांबूच्या दांड्याला उभी चीर : माझा अनुभव, जरा लांब आहे

तुम्ही हाताने बनवलेल्या तंबाखूच्या पाइपबद्दलची तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. ब्रायरचा (पाइपसाठी वापरतात ते कठीण लाकूड) बाऊल, म्हणजे तंबाखू भरायची वाटी, बांबूचा दांडा, आत स्टीलची नळी इपॉक्सी गोंदाने बसवलेली, आणि दोन महिन्यांत दांड्याला बाऊलच्या बाजूने उभी चीर. तुम्ही विचारलंय इपॉक्सी कुठली चुकली. माझ्या मते इपॉक्सीचा काही दोष नाही. माझा पहिला पाइप अगदी असाच गेला.

ड्रिलिंग, बाऊलचा आकार वगैरे तुम्हाला जमलंय हे फोटोत दिसतंय, त्यावर लिहीत नाही. मी फक्त बांबूबद्दल बोलतो कारण माझं सगळं नुकसान तिथेच झालं.

माझे मामा मर्चंट नेव्हीत होते, आयुष्यभर पाइप ओढला. त्यांच्या पंचाहत्तरीला स्वतःच्या हाताने करून द्यायचा असं ठरवलं. ब्रायरचा ब्लॉक इटलीहून मागवला, तो एका कार्यालयात दीड महिना पडून राहिला कारण लाकूड आहे म्हणून फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (कीड-रोग नसल्याचा दाखला) हवं, आणि हे मला तिसऱ्या खेपेला सांगितलं, पहिल्या दोन खेपांना नुसतं "उद्या या". नियम बरोबरच आहे हो, पण पहिल्याच दिवशी एका वाक्यात सांगता आलं असतं. (मागवणार असाल तर विकणाऱ्याकडून ते सर्टिफिकेट आधी कबूल करून घ्या, मगच पैसे भरा.) तर या सगळ्यात वेळ गेला आणि बांबूच्या बाबतीत मी घाई केली. एकाने "पूर्ण वाळलाय" म्हणून दिला, वरून पिवळा दिसत होता, मी विश्वास ठेवला. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, आणि मी 6 मिलिमीटरच्या नळीला बरोब्बर 6 चं भोक पाडून, हातोडीने हलकेच ठोकून, चिकटवून मोकळा. फिटिंग इतकं घट्ट की मला अभिमान वाटत होता.

डिसेंबरात मामांचा फोन, "अरे, टक्क आवाज झाला आणि दांडा उलला."

कारण साधं आहे. ओला बांबू वाळताना लांबीत जवळपास आकसत नाही, घेरात आकसतो. आतली स्टीलची नळी तसूभर हलत नाही. मग बांबूला जायला जागाच नाही, धागे उभे असतात तसा तो उभा फाटतो. कोवळा, वर्ष-दीड वर्षाचा बांबू तर आणखी जास्त आकसतो. आणि पाइप ओढताना धुराची वाफ त्या थंड नळीत पाणी होऊन बसते, म्हणजे आतून ओल, बाहेरून हिवाळ्याची कोरडी हवा.

आता मी काय करतो ते सांगतो, माझी पद्धत आहे, यापेक्षा चांगली कुणाची असेल तर जरूर सांगा. बांबू तीन-चार वर्षांचा, पावसाळा संपल्यावर थंडीत तोडलेला. आमच्या गावी तर अंधाऱ्या पक्षातच तोडतात, त्याने बांबू पोखरणारा भुंगा कमी लागतो म्हणतात. मी कुडाळकडचा माणगा जातीचा बांबू वापरतो, बारीक कांडी बघून, बुंध्याकडचा भाग जवळजवळ भरीव असतो. डनहिल कंपनीच्या व्हँगी (बांबूच्या दांड्याच्या) पाइपांसारखी एकमेकांना लागून असलेली पेरं यात मिळत नाहीत, तो बांबूच वेगळा, पण टिकतो मस्त. बासरीचा आसामी बांबू घेऊ नका, भिंत फार पातळ. फर्निचरवाल्यांकडचा तर मुळीच नको, त्याला बोरॅक्स नाहीतर आणखी कसलं औषध दिलेलं असतं आणि तुम्ही त्यातून धूर ओढणार आहात!! भुंग्याची भीती असेल तर तीन आठवडे वाहत्या पाण्यात ठेवा, स्टार्च निघून जातो, आणि मग सावलीत उभा करून वाळवा. टोकांना मेण लावा, नाहीतर तीच आधी तडकतात.

आणि वजन करा. हे कुणी करत नाही. माझा 22 सेंटिमीटरचा तुकडा 41 ग्रॅमचा होता, दर रविवारी काट्यावर ठेवून त्याच्यावरच पेन्सिलने आकडा लिहायचो, 27 वर येऊन सलग पाच रविवार हलला नाही तेव्हा भोक पाडलं. सहा महिने गेले. जातात. रंग बघून "वाळला" म्हणू नका, दुकानदाराच्या शब्दावर तर अजिबात नको.

भोक नळीपेक्षा 0.2 मिलिमीटर मोठं ठेवा, ती फट इपॉक्सी भरते. दोन्ही टोकांना काहीतरी आवळणारं हवंच, बासरीवाले दोरा बांधतात ते उगाच नाही. मी बाऊलकडे सोनाराकडून चांदीची शेंबी करून घेतो, काठीला असते तशी, आणि स्टेमकडे (तोंडात धरायच्या भागाकडे) एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, चकती. एबोनाइटचे रॉड आपल्याकडे हाताने फाउंटन पेन बनवणाऱ्यांमुळे मिळतात, बाहेरून मागवू नका. बांबूला वरून चपडा लाखेचे दोन पातळ हात. बाऊलच्या आत मात्र काहीही लावायचं नाही.

तंबाखू वाईटच, ते मी नाकारत नाही, मामांनाही दरवेळी सांगतो. इथे फक्त कारागिरीबद्दल बोलतोय. आणि मी लाकडाचा तज्ज्ञ नाही, नऊ पाइप केलेत एवढाच अधिकार.

आता तुमच्या तुटलेल्याचं. पक्कड लावून दांडा पिळू नका, हात जोडून सांगतो. मी पिळला आणि ब्रायरच्या भोकाच्या कडेचा नखाएवढा टवका उडाला, सुंदर बर्ड्‌स आय (लाकडातली ठिपक्यांची नक्षी) असलेला ब्लॉक गेला, बांबू वीस रुपयांचा होता. त्याऐवजी नळीत सोल्डरिंग आयर्नचं टोक घाला, मिनिटभर थांबा, इपॉक्सी मऊ पडते, मग कापडात धरून हळू फिरवत ओढा, नाही आला तर परत गरम करा. बाऊल वाचला की निम्मं काम झालं.

चिरेचा जवळून एक फोटो टाका. पहिल्या पेरापाशी थांबली असेल तर दोरा बांधून चालवता येईल, पेर ओलांडून गेली असेल तर दांडा बदलावाच लागेल.